विस्तव कोण नेणार

मयताला गेलेली तुर्फेना दोन रात्री बाहेर काढून घरी परतली, तर तिच्या घराला दार नव्हतं.

लांबून तिला वाटलं, दार उघडं राहिलंय. जवळ गेल्यावर दिसलं की उघडं राहायलासुद्धा दार जागेवर नाही. बिजागऱ्या उचकटून नेल्या होत्या आणि चौकटीच्या लाकडावर खिळ्यांची ताजी भोकं होती. आत तिच्या अंथरुणावर शेजारची कोंबडी बसली होती. तुर्फेना आत शिरली तरी ती हलली नाही, मान वाकडी करून नुसती बघत राहिली.

डोक्यावरचं गाठोडं खाली न ठेवताच तुर्फेना मागे वळली आणि फाटकाशेजारच्या झोपडीकडे निघाली. दार कुणी नेलं हे कुणाला विचारायची गरज नव्हती. नवरा गेल्यापासून या अंगणातून पुष्कळ काही चालत गेलं होतं. स्वयंपाकघराचे पत्रे गेले, गाभण शेळी गेली, नवऱ्याचं मासेमारीचं जाळं गेलं. जाणाऱ्या प्रत्येक वस्तूची वाट एकच, ओढ्याकाठच्या दारूभट्टीची.

तिचा थोरला, ओगोला, झोपडीच्या सावलीत भिंतीला टेकून बसला होता. चाळिशीला आलेला, उंच, खांद्यांत रुंद. एकेकाळी त्याच्या हातची होडी घ्यायला सरोवराच्या पलीकडच्या काठावरून माणसं यायची. आता त्याच हातांना चहाचा कप धरायचा तर दोन्ही लागायचे.

"दार कुठंय?"

"कुठलं दार?"

"माझ्या घराचं."

"ते होय. ते तर बाबांनी केलेलं दार." ओगोलानं डोळे चोळले. "बाबांच्या वस्तूवर पहिला हक्क थोरल्याचा. तूच शिकवलंस ना, आई?"

"विकलंस?"

"विकलं म्हणण्याएवढं काही मिळालं नाही. दिलं म्हण. आणि तू होतीस मयताला. घरात कुणी नाही, मग दार कुणासाठी लावून ठेवायचं?"

हे त्याचं बोलणं. हसू यावं आणि कानाखाली एक वाजवावीशीही वाटावी. त्याच्या या जिभेवर तुर्फेनाचा लहानपणापासून जीव. सगळ्या पोरांत तोच लाडका, हे तिनं कधी लपवलं नव्हतं. आता मात्र ती त्याच जिभेला भ्यायची, कारण जीभ दमली की हात सुरू व्हायचे. मागच्या सुगीत त्यानं तिला कणगीवर ढकललं होतं. तेव्हा मोडलेलं मनगट वाकडंच जुळलं आणि त्या हातानं आता पाण्याची घागर पेलवत नव्हती.

तिनं चौकटीला पोतं टांगलं. वारा सुटला की पोतं उडायचं आणि सरोवराच्या वाटेनं येणारे-जाणारे थेट तिच्या खाटेपर्यंत बघायचे. कपडे बदलायला ती कणगीमागे जाऊ लागली. शेळ्या आत येऊन पिठात तोंड घालू लागल्या. एक दिवस बाजाराला निघालेल्या कुणा अनोळखी माणसानं पोतं बाजूला सारून आत डोकं घातलं आणि विचारलं, "आजी, पाणी मिळंल का?" त्यात वाईट काही नव्हतं, तहानलेला होता बिचारा. तिनं त्याला पाणी दिलं. पण तो गेल्यावर तिनं पोत्याची खालची कड दगडांनी दाबून ठेवली.

भुईमुगाच्या खुरपणीला धाकटा ओदेरा आणि त्याची बायको मिकाल तिच्याबरोबर होते. ओदेरा गवंडी. काम नसेल त्या दिवशी शेतात यायचा. मिकाल तोंडानं फटकळ आणि हातानं कामाची. ती ओळीत नेहमी सगळ्यांच्या पुढं असायची आणि मागं न बघताच बोलायची.

"आई, पुढच्या खेपेला ते तुमचं छप्पर नेतील. आणि तुम्ही म्हणाल, थोरल्याचा हक्क आहे."

"मिकाल," ओदेरा म्हणाला.

"खोटं बोलतेय का मी? जमीन आईंच्या नावावर आहे. कोर्टात गेलं तर कोर्ट बाहेर काढतं. माझ्या माहेरी काढलंय एकाला."

"आईनं पोराला?" तुर्फेनानं विचारलं.

"भावानं भावाला."

"मग ते वेगळं."

"वेगळं कशानं?" ओदेरा कंबर धरून उभा राहिला. "आई, तुझ्या मनगटाकडं बघ एकदा. आणि मग सांग वेगळं कशानं ते."

मिकालच्या मनात काय आहे हे तुर्फेनाला ठाऊक होतं, आणि त्यात काही पाप नव्हतं. वयात आलेल्या पोरानं बापाच्या अंगणात फाटकाजवळ झोपडी बांधायची, बायकोही तिथंच आणायची. मग पोरंबाळं झाली की बापानं त्याला कुंपणाबाहेर नेऊन त्याचं स्वतःचं घर मांडून द्यायचं. त्या नव्या घरची चूल, कणगी, फाटक सगळं सुनेच्या मालकीचं. पण आधी थोरल्याचं, मग धाकट्याचं. थोरला हलत नाही तोवर धाकट्यानं हलायचं नाही. आणि ओगोला काही हलत नव्हता. त्याची बायको आकेच पोराला घेऊन निघून गेल्यापासून तर मुळीच नाही. इकडे मिकालची पोरं एका खोलीत एकमेकांच्या अंगावर पाय टाकून झोपत होती.

तुर्फेना आधी गावचा सरकारी कारभार बघणाऱ्या चीफसाहेबांकडे गेली. त्यांनी ओगोलाला दोनदा बोलावून समज दिली. दोन्ही वेळा ओगोलानं त्यांना इतकं हसवलं की शेवटी त्यांनीच त्याला चहा पाजून परत पाठवलं. तिसऱ्या वेळी ते म्हणाले, "आई, हे माझ्या हातातलं नाही. तुम्ही कोर्टातच जा."

कोर्टात मॅजिस्ट्रेट एक तरुण बाई होती, मिकालच्याच वयाची असेल. ती इंग्रजीत विचारायची आणि दुभाष्या ते आपल्या भाषेत मोठ्यानं सांगायचा, त्यामुळे घरातली प्रत्येक गोष्ट बाकांवर बसलेल्या परक्या माणसांसमोर दोनदा उघडी पडत होती.

"हाताला काय झालं?"

"मी पडले," तुर्फेना म्हणाली.

"पडलात, की ढकललं?"

समोर ओगोला उभा होता, स्वच्छ शर्टात. तो शर्ट आदल्या दिवशी तिनंच धुतला होता. आपला पोरगा कोर्टात मळक्या कपड्यांत दिसू नये म्हणून, एका हातानं घासून. दुभाष्यानं प्रश्न पुन्हा सांगितला.

"ढकललं," ती म्हणाली.

ओगोलाला काही सांगायचंय का, असं विचारल्यावर तो म्हणाला, "माझी आई कधी खोटं बोलत नाही, मॅडम. आता पहिल्यांदा बोलली ते सोडून." मागच्या बाकावर कुणीतरी हसलं.

महिना संपायच्या आत त्यानं जागा सोडायची, नाही सोडली तर पोलीस सोडवतील, असा निकाल झाला. गावाला जाणारी गाडी एकच, त्यामुळे ओदेरा-मिकाल धरून चौघं एकाच गाडीनं परतले. ओगोला आधी चढला आणि त्यानं खिडकीजवळची जागा धरून ठेवली. "इथं बस, आई. तुला मळमळतं ना." ती बसली. सबंध रस्ता त्याचा खांदा तिच्या खांद्याला लागत होता आणि ती शेवटपर्यंत बाहेरच बघत राहिली.

निकालाची बातमी ऐकून नवऱ्याचा भाऊ ओतूला आला. आता भावकीत सगळ्यांत वडीलधारा तोच. काठी भिंतीला लावून तो स्टुलावर बसला आणि मिकाल चहा गाळायला लागली.

"झालं ते चांगलं की वाईट, ते मी बोलत नाही," ओतूला म्हणाला. "मला एवढंच सांगा, त्याला बाहेर नेणार कोण?"

"पोलीस," ओदेरा म्हणाला.

"पोलीस झोपडीतून काढतील रे. मी घर मांडायचं विचारतोय. कोंबडा कोण नेणार? कुऱ्हाड कुणाच्या हातात? विस्तव कोण नेणार?"

मिकालचा हात थांबला.

"काका, पण कोर्टानंच जा म्हटलंय त्याला."

"जा म्हटलंय. तू थोरला नाहीस, असं म्हटलंय का? तो असाच गेला तर त्याचं घर मांडलं गेलं नाही. त्याचं मांडलं गेलं नाही, तर तू कुणाच्या मागून जाणार? त्याला ओलांडून? जा की. बांध फाटक. मी येणार नाही, भावकीतलं कुणी येणार नाही. आणि उद्या तुझं एखादं पोर तापानं फणफणलं तर ते कशानं, हे तुला बाहेरच्यांनी सांगायला नको. ही मिकालच सांगेल."

मिकालनं मान वर केली नाही. शहरात लोक या गोष्टींना हसतात. आणि सुट्टी काढून गावी येतात, आपल्या पोराच्या बगलेत कोंबडा देतात, बायकोच्या हाती विस्तव, स्वतः कुऱ्हाड घेतात आणि बापाच्या मागून गुमान चालायला लागतात. भुईमुगाच्या ओळींत वाकून या तिघांनी कोर्टाचा एवढा विचार केला, पण ही उघड गोष्ट एकाच्याही डोक्यात आली नव्हती. कागद मिळाला की वाट मोकळी, असं त्यांनी धरलं होतं.

"आणि वहिनी," ओतूला तुर्फेनाकडे वळला, "तो तिकडं कुठंतरी मेला तर त्याला कुठं पुरणार, तेही बघून ठेवा. घर न मांडलेल्याला कुंपणाच्या आत जागा नसते."

"मग काय करू, भावजी?"

"ओढ्यापलीकडचा तुकडा द्या त्याला. कोर्टाचंही झालं, आपलंही झालं. मी पुढं चालतो, भावाच्या जागी. पण विस्तव बायकोनंच न्यायचा. आणि पहिली रात्र दोघांनी तिथं निजायचं. ती नसेल तर ते घर नाही, गवताचा ढीग."

ओगोला झोपडीत पडून हे सगळं ऐकत होता. दुसऱ्या दिवशी सकाळी ओढ्याकडून कुऱ्हाडीचा आवाज आला. तुर्फेना बघायला गेली. तो झाडं तोडून वासे काढत होता. दोन घाव घातले की थांबायचा, वाकून ओकायचा, तोंड पुसायचा आणि पुन्हा कुऱ्हाड उचलायचा. अंगातून घाम निथळत होता. भट्टीकडे तो गेला नव्हता. तिनं पेज करून नेली, तर त्यानं वाडगं जमिनीवर ठेवून, वाकून, दोन्ही हातांनी धरून प्यायली.

"ती येईल का, आई?"

"विचारते."

"तू सांगितलंस तर येईल. तुझा शब्द ती मोडत नाही."

आकेच सरोवराच्या काठावर ओमेना वाळवायच्या कामाला होती. बोटभर लांबीचे ते चंदेरी मासे जुन्या जाळ्यांवर पसरायचे, उलटायचे आणि दिवसभर बगळ्यांना हाकलायचं. सासू दिसताच ती उठली आणि अंगावरचं कापड सावरून उभी राहिली.

"उजव्या बाजूला बसा, आई. डाव्या कानानं अजून ऐकू येत नाही."

तो कान कशानं गेला, हे दोघींनाही माहीत होतं. तुर्फेना उजवीकडे बसली आणि चांगल्या हातानं मासे उलटू लागली. नुसतं बसून हे बोलणं तिला जमलं नसतं.

"भावजी स्वतः पुढं चालणार आहेत," ती म्हणाली.

"हं."

"तो पीत नाहीय आता. वासे तोडतोय."

"लग्नाआधीही पीत नव्हते, आई."

एक बगळा पार जाळ्यापर्यंत आला. आकेचनं खडा मारला.

"मिकालचं अडलंय सगळं," तुर्फेना म्हणाली.

"मिकालचं मला वाईट वाटतं," आकेच म्हणाली. "एक विचारू? रागावू नका. तुम्ही कोर्टात का गेलात?"

"त्याच्याबरोबर एका अंगणात राहवेना म्हणून."

"आणि मला एका खोलीत राहा म्हणता."

ऊन चढलं होतं आणि माशांचा वास डोक्यात भिनत होता.

"मी नाही म्हणत नाही," आकेच हळू म्हणाली. "कान फुटला तेव्हा तुम्ही मला दवाखान्यात घेऊन गेलात, रस्ताभर माझं डोकं मांडीवर धरलंत. मी विसरले नाही. तुम्ही ये म्हणालात तर येईन. विस्तव धरीन, रात्रही काढीन. पण तुम्ही म्हणा. काकांचा निरोप नको, मिकालचा नको. तुमच्या तोंडानं म्हणा."

'ये' एवढाच शब्द होता. तुर्फेनाच्या डोळ्यांपुढं ओढ्याकाठचे सोललेले वासे आले, जमिनीवर ठेवलेलं वाडगं आलं, मिकालच्या खोलीत आडवीतिडवी झोपलेली पोरं आली. शब्द जिभेवर आलाही. मग आकेचनं तो नीट ऐकू यावा म्हणून उजवा कान तिच्याकडे वळवला.

"येऊ नकोस," तुर्फेना म्हणाली.

आकेच बघत राहिली.

"येऊ नकोस, बाळा. तू आहेस तिथं राहा." आणि मग ऊन कलेपर्यंत दोघी मासे उलटत राहिल्या.

घरी येऊन तिनं ओदेराला आणि मिकालला खरं ते सांगितलं. ओदेरा थापी तिथंच टाकून बाहेर निघून गेला. मिकाल चुलीपाशी बसली होती.

"म्हणजे मी या खोलीतच म्हातारी व्हायची."

"हो."

"तुमच्या एका शब्दापायी."

"हो."

"तुमच्यासाठी मी कोर्टात दिवसदिवस बाकावर बसले, आई." यानंतर मिकालनं तिच्याशी बोलणं सोडलं. जेवणाचं ताट दारातल्या पोत्याजवळ ठेवायची आणि निघून जायची.

ओगोलाला मात्र तुर्फेनाला सांगवेना. तो विचारायचा, ती म्हणायची, "बघू." तो मान डोलवायचा आणि पुन्हा छपरासाठी गवताच्या पेंढ्या बांधायला लागायचा. हात आता कमी थरथरत होते. हे बघून तिला बरं वाटायचं, आणि बरं वाटतंय याचीच लाज वाटायची.

महिन्याच्या शेवटच्या सकाळी चीफसाहेब दोन शिपायांना घेऊन आले. ओगोला झोपडीतून बाहेर आला. अंघोळ केलेली, अंगात तोच कोर्टातला शर्ट, हातात कुऱ्हाड. एका शिपायानं काठी सावरली. ओगोलाचं त्याच्याकडे लक्षच नव्हतं. तो फाटकाबाहेरच्या वाटेकडे बघत होता.

"थोडं थांबू या, साहेब," तो म्हणाला. "काका अजून आले नाहीत. आकेचही वाटेत असेल."

चीफसाहेबांनी तुर्फेनाकडे पाहिलं.

"ती येणार नाही," तुर्फेना म्हणाली.

"नाही म्हणाली?"

हो म्हटलं असतं तर भागलं असतं. आकेच काही खरं-खोटं करायला येणार नव्हती. "ये म्हटलं असतं तर ती येणार होती," तुर्फेना म्हणाली. "मीच नको म्हटलं."

ओगोलानं तिच्याकडे पाहिलं. सगळ्यांना वाटलं, आता हा धावून जाणार. ओदेरा पुढं सरकला. पण ओगोला जागचा हलला नाही.

"का?"

"मला दिवसाढवळ्या तुझी भीती वाटते. तिनं रात्री तुझ्याजवळ निजावं, हे माझ्या तोंडून निघेना."

चीफसाहेबांना हसवणारी, कोर्टाला हसवणारी त्याची जीभ. तिच्यावर या वेळी काहीच आलं नाही. मग वाकून कुऱ्हाड जमिनीवर ठेवली. मागून विस्तव नसेल तर कुऱ्हाड नेऊन काय करायचं, हे त्याला कुणी सांगायला नको होतं.

"मी मेलो तर कुठं पुरशील मला?" त्यानं विचारलं. टोमणा नव्हता तो. त्याला खरंच कळून घ्यायचं होतं.

"मी तुझ्या आधी जाईन," ती म्हणाली. "देवाकडं तेवढंच मागते."

"चला," शिपाई म्हणाला. तोही हळूच म्हणाला.

ओगोला शेराच्या कुंपणातून बाहेर पडला. पुढं कुणी चालत नव्हतं, मागून कुणी येत नव्हतं, दोन्ही हात मोकळे. बाहेर पोलिसांची गाडी उभी होती, त्याला गावाबाहेर नेऊन सोडायला. ओदेरानं तोंड फिरवलं आणि झोपडीमागे गेला.

तुर्फेना होती तिथंच जमिनीवर बसली, पाय पुढं पसरून. पोटातून हंबरडा वर येत होता आणि तिला कळत होतं की तो बाहेर पडू देता कामा नये. या गावात अंगणातून बाईचा हंबरडा ऐकू आला की त्याचा अर्थ एकच असतो. माणसं हातातलं कुदळ-खुरपं टाकून धावत येतात आणि विचारतात, कोण गेलं. तिला त्याचं नाव सांगावं लागलं असतं. जित्या पोराच्या नावानं आईनं हंबरडा फोडला की त्याचं मरण तिनंच हाक मारून बोलावलं असं होतं. तिनं डोक्याचा फडका ओढला, त्याचा बोळा करून तोंडात कोंबला आणि दातांखाली धरला. तरी आवाज नाकातून, छातीतून निघू लागला. सगळ्यांत लाडका पोरगा होता तो तिचा.

मिकाल आपल्या दारातून हे बघत होती. कितीतरी दिवसांत तिनं सासूकडे सरळ पाहिलं नव्हतं. ती आली, शेजारी मातीत बसली आणि तिनं तुर्फेनाचं डोकं दोन्ही हातांनी आपल्या छातीत दाबून धरलं. घट्ट, आवाजाला बाहेर यायला वाट राहू नये असं. गाडी सुरू झाली, वळणावर गेली, मग तिचा आवाजही गेला. मिकालनं ते डोकं सोडलं नाही.